राजा, तराजू आणि वाटा

जूनच्या अखेरीस ओढे भरून वाहू लागले की बदलापूर-वांगणीच्या बाजारात गोड्या पाण्याची मासळी दिसू लागते. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर नाहीतर सागाच्या पानांवर तिचे वाटे लागतात. एका वाट्यात चार खवल्या, दोन मळे, एखादा काटेरी शिंगाळा, नशीब असेल तर बोटभर वाम. गिऱ्हाईक वाट्यात आणखी एक मासा टाकायला लावते, विकणारी कुरकुरत टाकते आणि व्यवहार संपतो. यात तराजू कुठेच येत नाही. समुद्राची मासळी आणि बर्फात घालून बाहेरून येणारे रोहू-कटला किलोवर विकले जातात. उल्हास नदीचा आणि तिच्या ओढ्यांचा मासा वाट्यावर जातो. ही बाब किरकोळ वाटेल. पण मासेमारीच्या इतिहासात बायकांची नावे इतकी थोडी का सापडतात, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वाट्यात आहे, असे माझे मत आहे. मासा तोलला गेला नाही तर त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नसलेल्या माशाबरोबर तो धरणारी बाईही इतिहासातून निसटते. गळ टाकणाऱ्या, पाणी वाचणाऱ्या, मासा कुठे दबा धरून बसला आहे हे नेमके ओळखणाऱ्या बायका कमी नव्हत्या. कमी होती ती त्यांच्या शेजारी वही घेऊन बसणारी माणसे.

‘मासेमारीतल्या नामवंत स्त्रिया’ असा विषय काढला की इंग्रजी पुस्तकांत ठरलेली नावे येतात, आणि ती का आली हे एकेक करून तपासण्यासारखे आहे. पहिले नाव ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीचे. १४९६ साली विंकिन डी वर्ड या मुद्रकाने ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली आणि तिच्यात गळाने मासे धरण्यावरचा एक निबंध जोडला. आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या आधी दीडशेहून अधिक वर्षांचा हा मजकूर परंपरेने बर्नर्सबाईंच्या नावावर आहे. तो खरोखर त्यांचाच का, अशी कुणी बाई होती तरी का, याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. म्हणजे यादीतले पहिलेच नाव छापखान्याने दिलेले आहे. त्यानंतर अमेरिकेतल्या मेरी ऑर्विस मार्बरी येतात. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माश्यांवर, म्हणजे ‘फ्लाय’वर, त्यांचे जाडजूड सचित्र पुस्तक १८९२ मध्ये निघाले. ऑर्विस कंपनी त्यांच्या वडिलांची होती, आणि कारखान्यात हे बारीक काम करणाऱ्या बायका त्यांच्या हाताखाली होत्या. त्या बायकांची बोटेही तितकीच तरबेज असणार, पण पुस्तकावर नाव मालकाच्या मुलीचे आहे. कॉर्नेलिया क्रॉस्बी हिला मेन राज्याने १८९७ मध्ये वाटाड्याचा पहिला परवाना दिला; ती वर्तमानपत्रांत मासेमारीवर सदरही लिहीत असे. त्याच राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्सने १ जुलै १९२४ रोजी स्वतः बांधलेल्या फ्लायवर सुमारे ३ किलोचा ट्राउट धरला आणि तो एका मासिकाच्या स्पर्धेत पाठवला, म्हणून तिची ‘ग्रे घोस्ट’ ही फ्लाय जगभर गेली. जोन वुल्फने १९६० मध्ये १६१ फूट लांब दोरी फेकली, आणि ती फीत लावून मोजली गेली. छापखाना, परवाना, स्पर्धा, मोजफीत. या बायकांचे कसब खोटे नव्हते. पण प्रत्येकीच्या कसबाजवळ त्याची नोंद करणारी यंत्रणा हजर होती, आणि ती नसती तर आज आपल्याला यांतली एकही माहीत नसती.

या सगळ्यांत बोलका दाखला जॉर्जिना बॅलंटाइनचा आहे. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडमधल्या टे नदीवर, संध्याकाळच्या वेळी, तिने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोचा सामन धरला. ब्रिटनमध्ये गळावर धरलेल्या सामनचा हा विक्रम शंभर वर्षे उलटली तरी टिकून आहे. मासा दोन तास झुंजला, नाव प्रवाहाबरोबर खाली वाहत गेली, आणि अंधार पडल्यावर तो वर आला. नाव चालवायला तिचे वडील होते. नदीचा तो पट्टा जमीनदाराचा होता आणि वडील तिथे नोकरीला होते, म्हणूनच एका साध्या घरातल्या मुलीला त्या डोहावर गळ टाकता आला. मासा तोलला, मापला, त्याची प्रतिकृती करून पर्थ शहरातल्या दुकानाच्या काचेमागे ठेवली. पुढची गोष्ट तिनेच सांगून ठेवली आहे. ती त्या काचेसमोर उभी असताना शेजारी दोन म्हातारे मासा न्याहाळत होते, आणि असला मासा कुणा बाईने पाण्याबाहेर काढला असेल ही थाप आहे, यावर त्यांचे एकमत झाले. बाई मागे उभी राहून गालातल्या गालात हसली. तिच्या बाजूने तराजू नसता तर त्या दोन म्हाताऱ्यांचे मतच इतिहास झाले असते, यात मला शंका वाटत नाही.

तराजूने तोंड बंद केले, पण फार काळ नाही. १९२३ साली वाय नदीवर डोरीन डेव्ही हिने साडेएकोणसाठ पौंडांचा सामन धरला, आणि १९२४ साली डेव्हरन नदीवर क्लेमेंटिना मॉरिसन हिने फ्लायवर ६१ पौंडांचा. तीन वर्षांत तीन प्रचंड मासे, तिन्ही बायकांच्या गळाला. गळ टाकणाऱ्यांत बायका मूठभर असताना असे का घडावे, हा प्रश्न रास्त होता. त्याचे जे उत्तर सर्वांत गाजले ते असे की बायकांच्या अंगच्या वासाचा सामनला ओढा असतो. त्यांच्या त्वचेतून उतरणारे काही द्रव्य आमिषाला लागते आणि मोठा नर मासा त्यावर झेपावतो. १९९० मध्ये या कल्पनेवर एक आख्खे पुस्तकही आले. कल्पना सिद्ध झालेली नाही. माझा आक्षेप तिच्या विज्ञानापेक्षा तिच्या सोयीवर आहे. पुरुषाने मोठा मासा धरला तर त्याला हातोटी म्हणायचे, बाईने धरला तर तिच्या अंगाला वास येतो म्हणायचे! मराठी वाचकाला ही युक्ती नवी वाटू नये. आपल्याकडे सत्यवतीची कथा आहेच. दाशराजाच्या घरी वाढलेली, यमुनेवर होडी चालवणारी ही मुलगी. पण महाभारतात तिची ओळख मत्स्यगंधा अशी होते. तिला पाण्याची किती जाण होती, ओढ कापत नाव कशी काढायची हे ती कुणाकडून शिकली, याचा शब्द नाही. आधी माशाचा वास, मग पराशराच्या वराने योजनभर दरवळणारा सुगंध, मग शंतनू. १९६४ मध्ये वसंत कानेटकरांनी तिच्यावर संगीत नाटक लिहिले तेव्हा तिला मन आणि मान दोन्ही मिळाले. होडीतले कसब मात्र रंगमंचाबाहेरच राहिले.

तराजू नसलेल्या काळात कोळ्याच्या मुलीचे नाव उरण्याची वाट एकच होती, ती राजवाड्यातून जात होती. याचा दुसरा दाखला उल्हासनगरच्या घराघरांत आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत वसली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीची उल्हासनगर म्हणून पायाभरणी झाली. नाव शेजारच्या नदीचे मिळाले, पण या माणसांच्या कथा दुसऱ्या नदीच्या होत्या. त्यांचा देव झुलेलाल पल्ला माशावर बसतो, आणि पल्ला हा समुद्रातून सिंधू नदीत चढणारा मासा. त्यांच्या लोककथांतली नूरी ही किंझर तलावावरच्या मोहाणा मच्छीमारांची मुलगी. जाम तमाची या सम्मा राजाने तिच्याशी लग्न केले, तिच्या साधेपणामुळे तिला सर्व राण्यांत वरचे स्थान दिले आणि तिच्या माणसांचे कर माफ केले, अशी ही कथा. शाह अब्दुल लतीफ यांनी ‘सूर कामोद’ या भागात ती गाऊन अमर केली. तलावाच्या मधोमध तिची म्हणून दाखवली जाणारी कबर आहे. कथा सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. तरी सत्यवती आणि नूरी यांना शेजारी ठेवून पाहिले की एकच साचा दिसतो. नदी वेगळी, भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण कोळ्याच्या मुलीला नाव मिळते ते राजाच्या नजरेमुळे. नूरीच्या बरोबरीने त्याच तलावावर राबणाऱ्या बाकीच्या मुलींपैकी एकीचेही नाव लतीफ यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

राणी स्वतःच गळ टाकत असेल तर प्रश्नच मिटतो. क्लिओपात्राने अँटनीची फजिती करायला पाणबुड्याकरवी त्याच्या गळाला खारवलेला मासा लावला, ही थट्टासुद्धा प्लुटार्कने जपून ठेवली आहे. जपानमध्ये मात्र राजवाड्याच्या दारातून बायकांचा एक अख्खा समूह नोंदीत शिरला. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात जिंगू सम्राज्ञीची आख्यायिका आहे. तिने सुई वाकवून गळ केला, वस्त्रातला धागा ओढून दोरी केली, भाताचे शीत आमिष म्हणून लावले आणि मात्सुरा प्रदेशातल्या नदीत आयु जातीचा मासा धरला. तेव्हापासून चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला तिथल्या बायका गळ टाकून आयु धरतात आणि पुरुषांना तो मिळत नाही, असे तो ग्रंथ सांगतो. सम्राज्ञीची गोष्ट दंतकथा असेल. पण ठरावीक महिन्यात, ठरावीक नदीवर, ठरावीक मासा गळाने धरणाऱ्या बायका ही कुणा दरबारी लेखकाने हवेतून काढलेली बाब वाटत नाही. चालत आलेल्या रिवाजाला नंतर सम्राज्ञीचे नाव जोडले गेले असावे, आणि त्या नावाच्या आधाराने रिवाज ग्रंथात गेला असावा.

उल्हासच्या खोऱ्याला अशी सम्राज्ञी मिळाली नाही, इथे जमीनदाराचा राखीव डोह नव्हता आणि मासिकाची स्पर्धाही नव्हती. मासे होते आणि माणसे होती. नदी खंडाळ्याच्या डोंगराकडून उतरून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला खाडीला मिळते. भीमेच्या खोऱ्यातले आंध्रा नदीचे पाणी ठोकळवाडीला अडवून टाटांनी ते भिवपुरीच्या वीजघरातून घाटाखाली सोडले, त्यामुळे एरवी उन्हाळ्यात आटली असती अशी ही नदी बारमाही वाहते. (योगायोग असा की भिवपुरीचे वीजघर आणि बॅलंटाइनबाईंचा सामन एकाच १९२२ सालातले.) नदीचे डोह बारमाही, पण तिला मिळणारे ओढे पावसाळ्यापुरते, मासे धरण्याचे या भागातले शास्त्र या फरकावर उभे आहे. पहिल्या पुरात नदीतले मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे, ओढ्यांत आणि थेट भातखाचरांत चढतात. ही वलगण. ती कोणत्या पावसाला होईल, कोणत्या बांधावरून मासा उडी घेईल, रात्री चढलेला मासा सकाळी कोणत्या खाचरात अडकेल, हे कळायला वर्षानुवर्षांची नजर लागते. डोहात पाग फेकणे हे बहुतेक पुरुषांचे काम. ओढ्याचे काम मोठ्या प्रमाणात बायकांचे, विशेषतः कातकरी आणि ठाकर वाड्यांवरच्या. पाऊस सरला की त्या ओढ्याची एक धार चिखलाचा बांध घालून वळवतात, मागे राहिलेले पाणी उपसतात आणि चिखलात हात घालून मासे काढतात. दगडाखाली बोटे सरकवून वाम आणि खेकडे काढतात. कुठे टोपली लावतात, कुठे हातजाळे, कुठे बांबूच्या काठीला दोरा आणि गांडूळ लावून गरवत बसतात. बिळाच्या तोंडाशी माती कशी आहे यावरून आत खेकडा की पाणदिवड हे ओळखावे लागते. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागचा काटा लागला तर हात दिवसभर ठणकतो, म्हणून तो कुठे चिमटीत धरायचा हे ठाऊक असावे लागते. मरळीची लालसर पिल्ले थव्याने पृष्ठभागावर दिसली की पालक मासा त्यांच्या खालीच राखण करत असतो, आणि हवा घ्यायला त्याला अधूनमधून वर यावेच लागते. ते बुडबुडे ज्याला वाचता येतात त्याच्या हाती तो लागतो. टे नदीवरच्या बाईचे कसब याहून वरच्या दर्जाचे होते, असे म्हणायला मला आधार सापडत नाही. तिचा मासा वजनदार होता, एवढे मान्य.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गळाचा खेळ वेगळा आणि पोटासाठी केलेली मासेमारी वेगळी. खेळाच्या इतिहासात दुसरीला ओढून आणू नये. आक्षेप पुस्तकी दृष्टीने बरोबर आहे, पण खेळाच्या इतिहासातल्याच नायिकांना लावून पाहिला तर टिकत नाही. बॅलंटाइन नोकरदार घरातली होती, आणि तिचा विक्रमी मासा पर्थच्या इस्पितळात जाऊन रुग्णांच्या व कर्मचाऱ्यांच्या जेवणात संपला. क्रॉस्बीचा परवाना मजुरी घेऊन दुसऱ्यांना मासे दाखवण्याचा होता. स्कॉटलंडची मेगन बॉइड ही विसाव्या शतकातली सर्वांत नावाजलेली फ्लाय बांधणारी. तिने ब्रोरा गावाजवळच्या झोपडीवजा घरात आयुष्यभर हेच काम पोटासाठी केले, १९७१ मध्ये तिला ब्रिटिश सरकारचे पदक मिळाले, आणि मासे मारणे तिला मुळात आवडत नव्हते. ती खेळाच्या इतिहासात बसते, तर गांडूळ लावून शिंगाळा काढणारी कातकरी बाई का बसत नाही? खेळ आणि पोट यांच्यातली रेघ पाण्यावर नसते. ती काठावर, माणूस कोणत्या घरातून आला हे पाहून ओढली जाते. हिंदुस्थानात तर ही रेघ साहेबाने ओढली. १८७३ मध्ये मद्रास इलाख्यातल्या हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, ते अजून वाचले जाते. त्याच साली फ्रान्सिस डे याचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा सरकारी अहवाल आला. दोघेही अभ्यासू, दोघांनाही माशांची खरी कळकळ. पण साहेबाच्या काठीला त्यांच्या लेखनात कला म्हटले जाते, आणि देशी टोपल्या, बांध, बारीक जाळी यांचा उल्लेख मुख्यतः नासाडीच्या प्रकरणात येतो.

नासाडीच्या आरोपाला मात्र झटकून टाकता येणार नाही. वलगणीत सापडणारी मादी अंड्यांनी भरलेली असते, आणि ती खाणे म्हणजे पुढच्या वर्षीचा मासा खाणे. ओढ्याच्या पाण्यात वनस्पतींचा गुंगी आणणारा रस मिसळण्याची रीतही या डोंगरपट्ट्यात जुनी आहे, आणि मासे मारायला पाण्यात सुरुंग लावणे व विष टाकणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले. इथे आदिवासी बायकांना निसर्गाच्या पुजारिणी करून ठेवण्यात अर्थ नाही. त्या भुकेपोटी मासे धरतात आणि भूक नेहमी शहाणी असतेच असे नाही. तरीही प्रमाण पाहायला हवे. हाताने आणि टोपलीने काढलेली मासळी वाट्या-वाट्याची असते. बंधारा आणि धरण माशाची चढणच तोडतात. बदलापूरच्या बॅरेजवरून शहरांना पाणी जाते, बारवीच्या धरणातून एमआयडीसीच्या कारखान्यांना आणि महापालिकांना; या पाण्याशिवाय इथली वस्ती जगणार नाही हे खरे, पण नदीचा हिशेब मांडताना खाचरातल्या बाईची टोपली आधी मोजायची आणि भिंत नंतर, हा क्रम उलटा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्यांची नावे नाहीत, तारखा नाहीत, त्यांच्याबद्दल इतिहास लिहिताच येत नाही; लिहिला तर ती सहानुभूती होते. यातले पहिले वाक्य मी निम्मे मान्य करतो. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये कोळी, कातकरी अशा समाजांचे बारकाईचे वर्णन आहे. अ. ना. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरचा अभ्यासग्रंथ १९३४ मध्ये मुंबईत निघाला. पण अशा ग्रंथांचा विषय जात हा असतो, माणूस नसतो. त्यात ‘कातकरी मासे धरतात’ असे वाक्य येऊ शकते, अमक्या वाडीवरच्या अमक्या बाईने कोणत्या डोहात काय धरले हे येत नाही. मग जे उरते ते आकडे. छोट्या प्रमाणावरच्या समुद्री मासेमारीत जगभरच्या बायका वर्षाला सुमारे २९ लाख टन मासळी स्वतः धरतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. यात शिंपल्या, कालवे, खेकडे असे ओहोटीच्या वेळी हाताने वेचलेले पुष्कळ आहे, जे बरेच देश मासेमारीत धरतच नाहीत. कल्याणच्या खाडीपासून वसईपर्यंत निवट्या, खुबे आणि चिंबोऱ्यांसाठी चिखल तुडवणाऱ्या बायका याच प्रकारच्या. गोड्या पाण्याचा ओढा तर या २९ लाखांतही नाही. म्हणून नाव नसणे याचा अर्थ घटना नसणे असा लावता येत नाही. ज्युलियाना बर्नर्सच्या बाबतीत नाव आहे आणि बाई असल्याचा पुरावा नाही. इतिहासकारांनी ते नाव पाच शतके बाळगले. मग बाई आहेत आणि नाव नाही, या उलट्या परिस्थितीलाही निदान एक प्रकरण द्यायला हरकत नसावी.

नोंदीअभावी काय हरवते, याचे उत्तर अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या वालधुनी नदीत मिळते. काकोळे गावाजवळ रेल्वेने इंग्रजांच्या काळात बांधलेल्या जीआयपी धरणाकडून ती येते, १०६० च्या शिवमंदिराला वळसा घालते आणि औद्योगिक वसाहत, मग उल्हासनगर ओलांडत कल्याणजवळ उल्हासकडे जाते. मंदिराच्या काठची नदी शिलाहारांच्या काळात कशी होती ते सोडा; पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिच्यात कोणता मासा कुठवर चढत होता, हेही कुठे नीट लिहिलेले सापडत नाही. त्यानंतर कारखान्यांचे सांडपाणी आले, जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे निळे पाणी आले, शहराचा मैला आला. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे टँकरमधून वालधुनीत रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास कोंडून इस्पितळात न्यावे लागले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, प्रकरण वरच्या न्यायालयातही गेले. अशा खटल्यांत पुरावा असतो तो पाण्याच्या नमुन्यांचा: विरघळलेला प्राणवायू किती, प्राणवायूची जैविक मागणी किती, आम्लता किती. तो हवाच. पण नमुना ज्या दिवशी घेतला त्या दिवसाचेच पाणी दाखवतो. नदी टप्प्याटप्प्याने कशी मरत आली, हे मासे दाखवतात, कारण सगळे मासे एकदम जात नाहीत. स्वच्छ, वाहते, दगडगोट्यांचे पाणी लागणारी जात आधी जाते. हवेतला प्राणवायू घेऊ शकणारी मरळ पुष्कळ दिवस तग धरते. शेवटी उरतात बाहेरून आणलेले, काहीही सोसणारे तिलापिया.

हा क्रम ज्यांनी हाताने अनुभवला त्या बायका नदीच्या वरच्या अंगाला, बदलापूर आणि वांगणीच्या पलीकडच्या वाड्यांवर अजून आहेत. त्यांना विचारायला कुणी जात नाही, याचे कारण त्या मच्छीमार म्हणून कुठल्याच कागदावर नाहीत. राज्यात तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात ते सहकारी संस्थांना. सभासदत्वासाठी जो कामाचा पुरावा लागतो तो जाळे आणि होडी असलेल्या पुरुषाजवळ असतो. ओढ्यात हात घालणारी बाई फार तर शेतमजूर किंवा वीटभट्टी कामगार म्हणून मोजली जाते, कारण वर्षातले बाकीचे महिने ती तेच करते. प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचे नमुने ठरावीक ठिकाणी ठरावीक काळाने घेतेच. त्याच ठिकाणी, त्याच फेरीत, जवळच्या वाडीवरच्या दोन-तीन जाणत्या बायकांना बोलवावे. वाम कोणत्या डोहातून आधी गेली, शिंगाळा कुठवर टिकला, या वर्षी वलगण कोणत्या ओढ्यात झाली आणि कोणत्या ओढ्यात झालीच नाही, हे विचारून त्यांच्या नावासह अहवालात उतरवावे. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. नमुन्याची बाटली घेऊन जाणाऱ्या गाडीत एक वही जास्त ठेवावी लागते.